उपवासाच्या ताटात किती देश? सांस्कृतिक प्रसाराचा माग काढायची रीत

सांस्कृतिक भूगोलाच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर साबुदाण्याच्या खिचडीचं साहित्य लिहितो. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची, जिरं, तूप, मीठ. मग वर्गाला विचारतो, यातलं कोलंबस अमेरिकेला पोचायच्या आधी, म्हणजे १४९२ पूर्वी, आपल्याकडे काय होतं?

उरतं जिरं, तूप आणि मीठ.

मिरची मेक्सिकोकडची, बटाटा अँडीज पर्वतातला, भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा किंवा टॅपिओका ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. एकादशीचं सर्वांत सोवळं ताट जवळजवळ सगळंच परदेशी. उलट हळद आपली, मोहरी शतकानुशतकं आपल्या फोडणीतली, आणि बहुतेक मराठी घरांत उपवासाच्या दिवशी त्या दोघींना स्वयंपाकघरात मज्जाव!

परीक्षेच्या नोट्समध्ये उगमकेंद्र, प्रसरण, अडथळा, भूदृश्य यांच्या व्याख्या पाठ करून मिळतात. पण एखादी गोष्ट कुठून आली, कोणत्या वाटेने आली आणि इथेच का टिकली, याचा माग प्रत्यक्ष काढायचा कसा, ते सहसा कुणी सांगत नाही. तेच इथे पायरीपायरीने सांगतो. ताट समोर ठेवू, ते कामाला येईल. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: नवी गोष्ट कुठून आली याला आपण फार महत्त्व देतो, पण ती मुक्कामाला राहते ती जिथे तिच्यासाठी जागा रिकामी असते तिथे. माग काढणाऱ्याने रस्त्याइतकीच ती रिकामी जागा शोधायची असते.

पायरी १: गोष्ट लहान निवडा

‘महाराष्ट्राची खाद्यसंस्कृती’ हा विषय घेतलात तर वर्षभर नुसती टिपणं जमतील. ‘उपवासाचा साबुदाणा’ घ्या. किंवा मंगलोरी कौल. किंवा गावाच्या नावातलं ‘बुद्रुक’. गोष्ट अशी हवी की समोरच्या माणसाला दाखवून विचारता येईल, ‘हे तुमच्याकडे आहे का? असेल तर त्याला काय म्हणता?’

पायरी २: वस्तू, रीत आणि कल्पना सुट्या करा

ही पायरी लोक गाळतात आणि पुढे घोटाळा होतो. कोणत्याही सांस्कृतिक गोष्टीत तीन थर असतात. साबुदाणा ही वस्तू. तो रात्री भिजत घालून सकाळी दाण्याच्या कुटाबरोबर परतायचा ही रीत. एकादशीला धान्य खायचं नाही ही कल्पना. हे तिघे वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या गाड्यांनी येतात. कल्पना फार जुनी आणि इथलीच, वस्तू समुद्रावरून आलेली, रीत या दोघींच्या भेटीतून घडलेली. ‘साबुदाण्याची खिचडी परदेशी आहे’ हे विधान म्हणूनच अर्धवट. परदेशी आहे ती वस्तू. पोर्तुगालमध्ये किंवा ब्राझीलमध्ये कुणी एकादशी करत नव्हतं.

वहीत तीन रकाने आखा आणि प्रत्येकाचा माग वेगळा काढा.

पायरी ३: नाव कान देऊन ऐका

वस्तूचं नाव हा प्रवासाचा शिक्का असतो. आपण ‘बटाटा’ म्हणतो, गुजराती माणूस ‘बटाका’, कोंकणीतही शब्द त्याच घरातला. पोर्तुगीज भाषेत बटाट्याला ‘बटाटा’च म्हणतात, आणि त्यांनी तो शब्द कॅरिबियन बेटांवर रताळ्यासाठी ऐकलेला होता. उत्तरेत मात्र ‘आलू’. संस्कृतात ‘आलु’, ‘आलुक’ हा कंदमुळांसाठीचा जुना शब्द होता, तोच नव्या कंदाला चिकटला. म्हणजे नकाशावर ‘बटाटा’ म्हणणारी गावं आणि ‘आलू’ म्हणणारी गावं वेगळ्या रंगांनी रंगवलीत, तर पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांतून आत शिरलेली वाट आपोआप दिसते. पाव, काजू, अननस, पपई, चावी, पगार हे शब्दही त्याच बंदरांवर उतरले.

दुसरा प्रकार मिरचीचा. तिने परदेशी नाव आणलं नाही. आपल्याकडे तिखटपणाची जागा काळ्या मिरीकडे होती, त्या मिरीवरूनच ‘मिरची’ झाली. असं जुनं नाव नव्या वस्तूला मिळालेलं दिसलं की समजा, नव्या वस्तूने जुन्या वस्तूची खुर्ची घेतली. मिरीचं पीक दमट मलबारी हवेतलं, मिरची कोरडवाहू शेतकऱ्याच्या परसातही येते. खुर्ची का मिळाली ते त्यात आलं.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा: नाव तेच राहतं, आतली वस्तू बदलते. साबुदाणा तसा. त्याची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी.

पायरी ४: उगमकेंद्र शोधा, पण एकावर थांबू नका

‘साबु’ किंवा ‘सागो’ हा शब्द मलय भाषेतल्या ‘सागू’वरून आला. मलय बेटांवर सागू नावाचं ताडाच्या जातीचं झाड होतं. त्याच्या खोडातला पिठूळ गर काढून त्याचे दाणे करत आणि ते जहाजांतून आपल्याकडे येत. तमिळमध्ये साबुदाण्याला ‘जव्वरिसी’ म्हणतात. ‘अरिसी’ म्हणजे तांदूळ, आणि पहिल्या भागात जावा बेट आहे, असा त्याचा उलगडा सांगितला जातो. म्हणजे मूळ साबुदाण्याचं उगमकेंद्र आग्नेय आशियात.

आता दुसरा धागा. कसावा हा कंद पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आफ्रिकेत आणि पुढे मलबार किनाऱ्यावर आणला. बराच काळ तो कोपऱ्यातच होता. आजच्या केरळातल्या त्रावणकोर संस्थानाचे महाराज विशाखम तिरुनाल (राज्यकाळ १८८० ते १८८५) यांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं, कारण तांदूळ कमी पडला तर गरिबाच्या पोटाला आधार हवा होता. केरळात तो ‘कप्पा’ झाला आणि मासळीच्या कालवणाबरोबर रोजच्या जेवणात बसला.

हे दोन धागे तमिळनाडूतल्या सेलममध्ये एकत्र आले. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतलं, तिकडून येणारा माल बंद पडला. १९४३ च्या सुमारास सेलमच्या बाजूला टॅपिओकाच्या स्टार्चपासून साबुदाणा करायला सुरुवात झाली. कंद सोलायचा, दळायचा, पाण्यात त्याचं ‘दूध’ गाळायचं, तळाशी बसलेला स्टार्च ओलसर असतानाच हलवत हलवत त्याचे गोळे करायचे, चाळायचे, तापल्या तव्यावर शेकायचे आणि उन्हात वाळवायचे. झाड बदललं, खंड बदललं, दाणा मात्र तसाच पांढरा आणि गोल राहिला. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या गिऱ्हाइकाला काही कळलंही नाही. २०२३ मध्ये सेलमच्या जव्वरिसीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आज आपल्या उपवासाचा साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूतून येतो, आणि तिथे त्याचा उपवासाशी आपल्यासारखा संबंध नाही!

म्हणून उगमकेंद्राच्या रकान्यात एकच नाव लिहून मोकळे होऊ नका. वनस्पतीचं उगमकेंद्र, नावाचं उगमकेंद्र आणि कारागिरीचं उगमकेंद्र अशा तीन ओळी ठेवा. इथे त्या तिन्ही ओळींत तीन वेगवेगळे प्रदेश भरले जातात.

पायरी ५: प्रसाराचा प्रकार ओळखा

पुस्तकात चार प्रकार दिलेले असतात. खरं तर ते प्रकार नव्हेत, विचारायचे चार प्रश्न आहेत.

माणसं हलली का? हलली असतील तर ते स्थलांतरित प्रसरण. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसल्यांबरोबर मराठी माणसं तंजावरला गेली, तिथलं मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकलं. तमिळ हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी, अभंग या नावांच्या चाली येतात, त्या या माणसांच्या कीर्तनातून उतरलेल्या. मॉरिशसला १८३४ पासून मळ्यांवर गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले, मजूर गेले, त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. घरातली बोली आज बहुतांशी क्रिओल आहे, पण गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. अशा प्रसरणाची खूण म्हणजे मधला प्रदेश रिकामा असतो. मुंबई आणि पोर्ट लुई यांच्यामध्ये नुसता समुद्र.

माणसं जागेवरच राहिली आणि गोष्ट शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे गेली का? ते संसर्गजन्य प्रसरण. स्वीडनचे भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रँड यांनी १९५३ च्या आपल्या प्रबंधात हेच तपासलं. शेतकरी नवी पद्धत कधी उचलतो? सरकारी पत्रक आल्यावर लगेच नाही. शेजाऱ्याच्या शेतात पाहिल्यावर, त्याच्याशी चार शब्द बोलल्यावर. अंतर वाढत जातं तसा स्वीकार कमी होत जातो, यालाच अंतर-क्षय म्हणतात. आपल्या बांधावर हे शिकायला स्वीडनला जावं लागत नाही, पण आकड्यांत मांडून त्यांनी दाखवलं.

मोठ्या गावातून लहान गावात उडी मारली का? ते श्रेणीबद्ध प्रसरण. १८९३ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ मिळालं ते पुण्यात. तिथून तो इतर शहरांत, मग तालुक्यांत आणि मग खेड्यांत गेला. पुण्याशेजारच्या खेड्याच्या आधी दूरच्या शहराने तो उचलणं हीच या प्रकाराची खूण. विशाखम तिरुनालांचा कप्पाही वरून खाली आलेला.

आणि चौथा प्रश्न: कल्पना तेवढी घेतली आणि सामान इथलं वापरलं का? अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांनी १९४० मध्ये याला उद्दीपक प्रसरण म्हटलं. सेलमचा साबुदाणा याचं मला माहीत असलेलं सर्वांत चोख उदाहरण.

एकाच वस्तूच्या प्रवासात हे चारही टप्पे येऊ शकतात. उत्तरपत्रिकेत ‘साबुदाणा हे अमुक प्रसरणाचं उदाहरण होय’ असं लिहाल तर मी निम्मेच गुण देईन.

पायरी ६: काय थांबलं ते पाहा

खरी मजा इथे आहे. अमेरिकेतून बटाटा आला, भुईमूग आला, मिरची आली, राजगिरा आला, मकाही आला. उपवासाच्या ताटात पहिले चार बसले, मका नाही. टोमॅटोही अमेरिकेचाच, त्याला बहुतेक घरांत नकार. मग निकष काय?

उपवासाचा जुना नेम असा: रोजचं धान्य नको, फळं, कंदमुळं, दूध चालेल. बटाटा जमिनीखाली निघाला, तो कंद ठरला. साबुदाणा दिसतो दाण्यासारखा, पण पोट भरतो आणि कोणत्याही जुन्या निषिद्ध यादीत त्याचं नाव नाही. नाव कसं असेल? यादी झाली तेव्हा तो इथे नव्हताच. भुईमुगाची गंमत अशी की वनस्पतिशास्त्राने तो तुरीच्या, हरभऱ्याच्या कुळातला, सरळसरळ द्विदल. पण शेंग जमिनीत धरते आणि त्याची डाळ करून वरण शिजवत नाहीत. स्वयंपाकघराने त्याला डाळ मानलंच नाही. मक्याचं कणीस मात्र शेतात ज्वारीशेजारी उभं राहिलं, त्याच्या भाकरी झाल्या. तो धान्यांच्या रांगेत गेला आणि उपवासातून बाद झाला. राजगिऱ्याचे लाडू झाले, तो वाचला.

म्हणजे चाळण आली ती घेणाऱ्याकडून. म्हणून प्रत्येक ‘आलं’ पुढे एक ‘आलं नाही’ लिहा आणि त्या दोघांची तुलना करा. नुसत्या यशाच्या नोंदी ठेवल्यात तर काही कळणार नाही.

त्याच कंदाचं केरळात काय झालं ते शेजारी ठेवा. तिथे रिकामी जागा होती भाताच्या तुटवड्याची, म्हणून कप्पा रोजचं अन्न झाला. आपल्याकडे रिकामी जागा होती पोटभरीच्या फराळाची, म्हणून साबुदाणा व्रताचं अन्न झाला. केरळात एकादशीला अनेकजण भात सोडतात आणि गव्हाचं खातात. आपल्या एकादशीला गहू नुसता दाखवला तरी आजी हाकलून देईल.

अडथळा डोंगराचाही असतो. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडकडे उतरा आणि आमटीची चव घेत चला. खाली आमसूल आणि ओला नारळ, वर चिंच आणि दाण्याचा कूट. घरं बघा: कोकणात उतरती छपरं, पुढे कोरड्या देशावर मातीची सपाट धाबी. इथे सावध राहा, कारण हा फरक सगळा संस्कृतीचा नव्हे. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, पर्जन्यछायेत पाच-सहाशे. धाब्याचं घर कोकणात एका श्रावणात बसेल. पाऊस पर्याय कमी करतो, पण उरलेल्यांतून निवड माणूस करतो. उतरत्या छपरावर गवत घालायचं, नळे घालायचे की मंगलोरी कौलं? बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तो माल गलबतांतून किनाऱ्याने वर आला. एकमेकांत अडकणारी कौलं दरवर्षी पावसाआधीच्या शाकारणीचा खर्च वाचवत. पाऊस पूर्वीही तेवढाच होता. नवा होता तो खर्चाचा हिशेब.

पायरी ७: भूदृश्य वाचा

अमेरिकी भूगोलतज्ज्ञ कार्ल सॉवर यांनी १९२५ मध्ये मांडलं की संस्कृती निसर्गावर काम करते आणि त्यातून सांस्कृतिक भूदृश्य, म्हणजे माणसाच्या हाताची खूण असलेला परिसर, घडतं. हे वाचायला एसटीची खिडकी पुरते. फाट्यावर पाटी दिसते: आंबेगाव बु., पुढे आंबेगाव खु. बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे धाकटं. दोन्ही शब्द फारसी. कुण्या गावकऱ्याने फारसी शिकून गावाचं नाव ठेवलेलं नाही. महसुलाच्या दप्तरातून ते शब्द खाली आले आणि सुलतान गेले तरी पाटीवर राहिले. आज कित्येक ठिकाणी ‘खुर्द’च वाढून मोठं झालंय, पण पाटी बदलत नाही. भूदृश्यात अशी जुनी दप्तरं उघडी पडलेली असतात.

पायरी ८: आता स्वतःचा नकाशा काढा

एका रविवारचं काम आहे. आपल्या वाडीतली, सोसायटीतली किंवा गावातली तीसेक घरं घ्या. प्रत्येक घरी एवढंच विचारा: उपवासाला कोथिंबीर चालते का? हळद? काकडी? लाल भोपळा? भगर खाता का, आणि तिला भगर म्हणता, वरी म्हणता की वऱ्याचे तांदूळ? प्रश्न ‘उपवासाला काय खाता?’ असा मोघम विचारू नका. सगळे खिचडीच सांगतील.

उत्तरं हो-नाहीत घ्या आणि प्रत्येक पदार्थाचा वेगळा नकाशा करा. मग सगळे नकाशे एकावर एक ठेवा. रेषा तंतोतंत जुळणार नाहीत, आणि जुळल्याच तर आपली नोंद चुकली असं समजा. सांस्कृतिक प्रदेशाला गाभा असतो आणि कडेला विरत जाणारा पट्टा असतो. इरावती कर्व्यांनी नातेसंबंधांवरून भारताचे विभाग पाडले तेव्हा महाराष्ट्र त्यांनी मधल्या पट्ट्यात ठेवला. इथे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, जी उत्तरेत चालत नाही. पण दक्षिणेसारखं मामा-भाचीचं लग्न सर्रास नाही. महाराष्ट्राच्या बऱ्याच गोष्टी अशा मधल्याच निघतात.

कुणी एखादी झकास गोष्ट सांगितली, जशी सांबाराला संभाजीराजांचं नाव पडल्याची सांगतात, तर ती लिहून घ्या. पण पुराव्याच्या रकान्यात नको, ‘लोक काय सांगतात’ या रकान्यात. अशा गोष्टींतून पदार्थाचा उगम कळत नाही. तो कुणाला आपला वाटतो ते मात्र कळतं, आणि तेही कामाचंच.

मग एखादं घर विचित्र निघेल. सगळी गल्ली एक सांगते आणि या घरात भेंडी चालते किंवा कोथिंबीर अजिबात नाही. माझा पहिला नकाशा अशा तीन घरांनी बिघडवला. मी ती चूक समजून खोडणार होतो. मग एका आजींनीच विचारलं, ‘माझं माहेर विचारलंस का रे?’ आपल्याकडे बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न हेच जनगणनेत दिसतं, आणि स्वयंपाकाच्या रिती त्यांच्याबरोबर गाव बदलतात. तिन्ही घरांतल्या सासवा घाटाखालच्या निघाल्या. तेव्हापासून माझ्या नोंदवहीत पत्त्याशेजारी आणखी एक रकाना असतो: स्वयंपाक जिच्या हातचा, तिचं माहेर.